जुन्या जीप-पिकअपचा मागचा एक्सल ओळखायचा कसा: आकडे, टिकली आणि दात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हौद्याच्या जुन्या जीपा अजून बऱ्याच गोठ्यांशेजारी उभ्या दिसतात. कुठे आजोबांनी तंबाखूच्या वखारीसाठी घेतलेली, कुठे लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेली. त्या परत रस्त्यावर आणायची हौस हल्ली तरुण पोरांत दिसते. इंजिनाचं काम करणारे मिस्त्री मिळतात, बॉडी ठोकणारे तर गल्लोगल्ली आहेत. घोडं पेंड खातं ते मागच्या एक्सलपाशी. क्राऊन-पिनियन (शाफ्टची फिरत चाकांना देणारी दातेरी जोडी: मोठा तो क्राऊन, छोटा तो पिनियन), बेअरिंग किंवा साधं ऑइल सील मागायला दुकानात गेलं की काउंटरवरचा विचारतो, "कुठला एक्सल?" आपण म्हणतो, "जीपचा." मग तो जे काढून देईल ते घेऊन यायचं, आणि बसलं नाही की परत जायचं.

हे टाळता येतं, कारण एक्सलवर बहुतेक गोष्टी लिहिलेल्या असतात. फक्त एक भेद आधी डोक्यात पक्का करा. एक्सलच्या नळीवर ठोकलेले आकडे सांगतात की तो एक्सल कारखान्यातून काय म्हणून निघाला. आज त्याच्या पोटात काय आहे ते फक्त दात सांगतात. आपल्या भागात या दोन गोष्टी जुळतीलच असं नाही. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा भरपूर आहेत, आणि इंजिन बदललं की कुणी ना कुणी क्राऊन-पिनियनही बदललेलं असतं. भंगारातून अख्खा एक्सल उचलून खाली घातल्याचीही उदाहरणं कमी नाहीत. आरसी बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, एक्सलचा नंबर नसतो. म्हणून "कागदावर अमुक मॉडेल आहे" हा पुरावा इथे चालत नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- जॅक, एक्सलखाली लावायची लोखंडी घोडी (नुसत्या जॅकवर काम नाही), चाकांना लावायला लाकडी ओंडके किंवा दगड
- हातातला वायर ब्रश, खरवडायची पट्टी, डिझेल किंवा रॉकेल, चिंध्या
- पांढरा खडू, मऊ शिशाची पेन्सिल, पातळ कागद, बॅटरी, मोबाइल
- इंची पान्यांचा सेट. या गाड्यांचे बोल्ट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नेमकी डोकी खातो
- कव्हर उघडणार असाल तर नवं पॅकिंग, गाळून घ्यायला पातेलं आणि भरायला ९० नंबरचं गिअर ऑइल
- आरसीची झेरॉक्स. एक्सल ओळखायला तिचा उपयोग नाही, पण दुकानदार वर्ष विचारतोच

गाडी अजून घ्यायची असेल आणि ती कोल्हापूरकडची, एमएच-०९ पासिंगची असेल, तर खाली वाकून एक्सल बघण्याआधी मालकाकडे फॉर्म २८ ची एनओसी मिळेल का ते विचारा. नावावर करायला २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. एक्सल कितीही चांगला निघाला तरी कागद अडले तर तो गोठ्यातच राहणार.

१. आधी घराणं ठरवा

आपल्याकडच्या जुन्या जीप-पिकअप बहुतेक विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपच्या वंशातल्या. लढाईच्या काळातली एमबी १९४१ ते १९४५, मग नागरी सीजे-२ए १९४५ ते १९४९, सीजे-३ए १९४९ ते १९५३, आणि उंच बोनेटची सीजे-३बी १९५३ पासून. अमेरिकेत ३बी १९६८ ला थांबली, आपल्याकडे महिंद्राने तो साचा त्यानंतरही कित्येक वर्षं चालवला. विलीजचा स्वतंत्र पिकअप ट्रक १९४७ ते १९६५ अमेरिकेत बनला, तो इथे क्वचित दिसतो. इथे दिसतात त्या बहुधा जीपच्या चेसिसवर हौदा चढवलेल्या.

या सगळ्यांचे एक्सल स्पायसरच्या, म्हणजे पुढे डाना म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या रचनेचे. मागच्या बाजूला तीन नावं लक्षात ठेवा: २३-२, ४१-२ आणि ४४. एमबीला आणि सुरुवातीच्या सीजे-२ए ला २३-२, नंतरच्या २ए ला ४१-२, आणि ३ए च्या काळापासून ४४ चं राज्य.

गाडी अमेरिकन शेव्हरोले किंवा फोर्ड पिकअप असेल तर सगळाच हिशोब वेगळा. साठच्या दशकाअखेरच्या शेव्हरोले पिकअपला १२ बोल्टांच्या कव्हरचा एक्सल येतो, त्याच्या क्राऊनचा व्यास ८.८७५ इंच. त्याचा कोड उजव्या नळीच्या पुढच्या अंगाला ठोकलेला असतो: आधी अक्षरं, त्यावरून रेशो (क्राऊन-पिनियनच्या दातांचं प्रमाण) कळतो, आणि आकडा बनवल्याच्या तारखेचा. फोर्डच्या नऊ इंची एक्सलवर बोल्टाखाली पत्र्याची टिकली असते. तिच्यावर "३ ५०" म्हणजे ३.५० रेशो, आणि मधे एल असेल, "३एल५०", तर आतलं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची रचना, लॉकिंग प्रकारचं. इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते याच दोन गाड्यांचे आहेत. ते आपल्या जीपला लावत बसू नका.

२. गाडी उचलताना हँडब्रेकवर विसंबू नका

हा मुद्दा एक्सल ओळखण्याचा नाही, पण यावर नीट बोललं पाहिजे. या जुन्या जीपांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. शाफ्ट धरला म्हणजे दोन्ही चाकं धरली, असं आपण समजतो. पण एक मागचं चाक जॅकवर हवेत गेलं की डिफरन्शियल मोकळं होतं. शाफ्ट घट्ट असला तरी हवेतलं चाक एका दिशेला आणि जमिनीवरचं त्याच्या उलट दिशेला फिरू शकतं. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असताना गाडी जॅकवरून सरकू शकते. गिअर टाकून ठेवला तरी तेच.

म्हणून जमीन सपाट हवी, पुढच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून ओंडके हवेत, जमिनीवर राहिलेल्या मागच्या चाकालाही हवेत. घोडी नळीखाली, कमानपाट्याच्या जवळ लावा. मधल्या फुगीर भागाखाली जॅक लावून एकाच जागी तोल सांभाळण्याचे प्रयोग नकोत.

चाक काढायचं असेल तर आणखी एक. यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या तोंडावर एल कोरलेला दिसतो का बघा. तो न बघता पान्यावर उभं राहून जोर लावणारे स्टड मोडून ठेवतात.

३. हात काळे करण्याआधी नजरेने बघा

मागे उभे राहून पाहा. डिफरन्शियलचा फुगीर भाग गाडीच्या मधोमध नसून उजवीकडे सरकलेला दिसला, तर ट्रान्सफर केस जुन्या स्पायसर १८ पद्धतीची आहे, तिचा मागचा शाफ्ट उजव्या अंगाने निघतो. फोर-व्हील जुन्या जीपला हे साजेसं आहे. ट्रान्सफर केस १८ ची, पण एक्सल मधोमध, आणि शाफ्ट तिरका गेलेला, असं दिसलं तर खालचा एक्सल दुसऱ्या गाडीचा आहे हे तिथेच ओळखा.

आता हब. चाकाच्या मध्यभागी सहा बोल्टांनी बसवलेली चकती असेल, आणि ती सोडली की हाफ शाफ्ट (नळीतून चाकापर्यंत जाणारा दांडा) बाहेर ओढता येत असेल, तर तो पूर्ण तरंगता, म्हणजे फुल-फ्लोटिंग एक्सल. २३-२ ची ही खूण. मध्यभागी मोठा खाचांचा नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन असेल, तर शाफ्टचं टोक निमुळतं आहे आणि हब त्यावर चावीने बसलेला आहे. ४१-२ आणि जुने ४४ असे असतात. नट नाही, शाफ्टलाच चाकाची चकती अखंड जोडलेली, तर तो बराच नंतरचा एक्सल.

निमुळत्या शाफ्टचा हब पुलरनेच निघतो. "दोन घण घाला, सुटतंय की वो" असं सांगणारे भेटतील. शाफ्टच्या टोकावर घातलेला घाव आतल्या बेअरिंगवर जातो. पुलर भाड्याने आणा.

कव्हरचे बोल्ट मोजून निष्कर्ष काढू नका. दहा बोल्ट म्हणजे ४४, असं गॅरेजात सर्रास म्हणतात. याच घराण्यातल्या पुढच्या २७ लाही दहाच बोल्ट आहेत आणि ट्रकांच्या दणकट ६० लाही दहाच.

४. नळी धुवा आणि आकडे वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अथणी-रायबागकडची गाडी असेल तर नळीवर काळ्या मातीचा आणि ऑइलचा थर वाळून कडक झालेला असतो. खानापूर-जांबोटीकडची असेल तर लाल माती आणि पावसाने खाल्लेलं लोखंड. दोन्ही ठिकाणी ग्राइंडरला वायरची चकती लावून पाच मिनिटांत साफ करण्याचा मोह होतो. तो आवरा. ठोकलेले आकडे उथळ असतात, गंजाने आधीच अर्धे खाल्लेले असतात, ग्राइंडर उरलेले अर्धे नेतो. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी तासभर गुंडाळून ठेवा, पट्टीने थर काढा, मग हातातला वायर ब्रश, आणि शेवटी रॉकेलने पुसा.

साफ करताना दोन प्रकारचे आकडे भेटतील आणि त्यांत गल्लत करायची नाही. एक उठावाचे, लोखंडातूनच वर आलेले. दुसरे आत ठोकलेले. ज्यांनी उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत काम केलंय त्यांना हे सांगायला नको: उठावाचा आकडा पॅटर्नवरून ओतकामात येतो, म्हणजे तो साच्याचा आहे, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नगावर तोच असणार. ठोकलेला आकडा त्या एका जुळणीचा आहे.

उठावाचा शोधायचा तो मधल्या ओतीव हाऊसिंगवर. खालच्या अंगाला मजबुतीच्या बरगड्या असतात, त्यांच्या आसपास मोठा "४४" दिसला की घराणं पक्कं. त्याच्या जवळपास आणखी लांबलचक आकडेही असतात, ते ओतकामाचे. त्यावरून रेशो कळत नाही. दुकानदाराला हा लांब आकडा वाचून दाखवणारे लोक असतात, आणि तो बिचारा मान हलवतो.

ठोकलेले शोधायचे ते नळ्यांवर, मागच्या अंगाला. दोन्ही नळ्या हाऊसिंगपासून कमानपाट्यापर्यंत पुसा, एकच पुसून "नंबर नाही" म्हणू नका. अमेरिकेत बनलेल्या डाना एक्सलवर सहा आकडी जुळणी क्रमांक असतो, बहुधा ६ ने सुरू होणारा, पुढे आडवी रेघ आणि एखादा आकडा. त्याच्या शेजारी बनवल्याची तारीख, ती अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस मग वर्ष. "४ १२ ६८" म्हणजे १२ एप्रिल १९६८, चार डिसेंबर नव्हे. हे जुळणी क्रमांकांचे तक्ते कंपनीने छापलेले आहेत आणि त्यावरून कुठल्या गाडीसाठी, कुठल्या रेशोने तो एक्सल निघाला ते कळतं. पण ते तक्ते अमेरिकेत बनलेल्या एक्सलांचे. इथे बनलेल्या जीपच्या एक्सलवरचा आकडा त्यात नसेल तर एक्सल नकली ठरत नाही. तुम्ही पुढच्या पायऱ्यांकडे वळायचं, एवढाच त्याचा अर्थ.

वाचता येत नसेल तर हे क्रमाने करा. आधी खडू आडवा धरून आकड्यांवर घासा आणि वरवर हात फिरवा, खाचेत पांढरं राहतं. मग खोलीत अंधार करून बॅटरी नळीला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात बघा. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये उथळ आकडे बुजतात, फोटोही आडव्या उजेडातच काढा. आणि शेवटी पेन्सिलीचा ठसा. आरटीओत पासिंगच्या वेळी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, अगदी तसाच. कागदावर उमटलेला आकडा डोळ्यांना दिसणाऱ्यापेक्षा पुष्कळदा स्पष्ट असतो.

३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि एस, ८ आणि बी, शून्य आणि ओ यांची गल्लत ठरलेली. शंका असेल तिथे दोन्ही पर्याय लिहून ठेवा. एकच ठरवून त्याच्या मागे लागू नका. डिस्पोजलच्या गाडीवर लष्करी वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलच्या वेळी पडलेल्या वेगळ्या खुणाही असू शकतात, त्यांना कारखान्याचा कोड समजू नका.

आणि हो, हा सगळा उद्योग एक्सलवर. चेसिस नंबरवर ब्रश, पॉलिश पेपर, पंच यांतलं काहीही लावू नका. तो नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसला की पासिंगला गाडी अडते, आणि तिथे "साफ करत होतो" हे कारण कुणी ऐकत नाही.

वाचून झालं की नळीवर पातळ ग्रीस चोपडा. रंगाचा जाड हात मारला तर पुढचा माणूस परत पहिल्यापासून सुरू करणार.

५. टिकली मिळाली तर नशीब

कव्हरच्या एखाद्या बोल्टाखाली पत्र्याची छोटी टिकली अडकवलेली असते. तिच्यावर दातांची संख्या किंवा थेट रेशो असतो. ५०-६० वर्षं जुन्या गाडीवर ती बहुधा नसतेच, कव्हर उघडणाऱ्या पहिल्याच मिस्त्रीने ती वॉशर म्हणून वापरलेली असते. सापडली तर फोटो काढा, पण तिच्यावर विश्वास नळीवरच्या आकड्याइतकाच. दुसऱ्या कव्हरबरोबर दुसरी टिकली येते.

६. न उघडता रेशो काढा

रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ४३ आणि ८ असतील तर ५.३८. या घराण्यात नेहमी भेटणाऱ्या चार जोड्या पाठच करा: ४३/८ म्हणजे ५.३८, ३९/८ म्हणजे ४.८८, ४७/११ म्हणजे ४.२७ आणि ४१/११ म्हणजे ३.७३. लढाईतली एमबी ४.८८ ची, सीजे-२ए ५.३८ ची.

एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर ओंडक्यांत. गिअर न्यूट्रल, पुढचा एक्सल सोडवलेला, आणि हँडब्रेक मोकळा, कारण तो शाफ्टच धरून ठेवतो. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. एक माणूस चाक फिरवेल, दुसरा शाफ्टचे फेरे मोजेल.

एक चाक थांबलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे झाले की क्राऊनचा एक होतो. हे न कळल्यामुळे पुष्कळजण चाकाचा एक फेरा देतात, शाफ्टचे अडीचपेक्षा थोडे जास्त मोजतात आणि "रेशो २.७ आहे" म्हणून चक्रावतात. चाकाचे पूर्ण २० फेरे द्या. शाफ्टचे फेरे पावणेचोपन्न भरले तर ४३/८. पावणेएकोणपन्नास भरले तर ३९/८. पावणेत्रेचाळीसच्या आसपास ४७/११. सव्वासदतीसच्या आसपास ४१/११. दोन फेरे देऊन "पाचच्या जवळ काहीतरी" असा अंदाज काढण्यापेक्षा हे २० फेरे देणं बरं, कारण ४.८८ आणि ५.३८ मधला फरक चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टच्या अर्ध्या वळशाचाच आहे.

वेगळाच आकडा आला, समजा साडेपंचेचाळीस, तर तो ४१/९ असू शकतो. आधी मोजणी परत करा, मग कव्हर उघडा.

हा आकडा नुसता दुकानासाठी नाही, गाडी कशी चालेल तेही त्यात आहे. ६.००-१६ टायर आणि टॉप गिअर धरला तर ताशी ६० किलोमीटरला इंजिन ५.३८ वर मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेतं, ४.८८ वर २,२००, ४.२७ वर १,९०० आणि ३.७३ वर १,७००. भाताची पोती घेऊन चोर्ला घाटाच्या चढाला लागायचं असेल तर ५.३८ सोन्यासारखा. तीच गाडी निपाणीहून हायवेने बेळगावला रोज आणायची असेल तर कानठळ्या बसतात. डिझेल घातलेल्या गाड्यांत आधीच्या मालकाने रेशो का बदलला असेल तेही यावरून उमगतं. माझं विचाराल तर हौद्यात माल भरणाऱ्याने ४.८८ च्या खाली उतरू नये, पण हा ज्याच्या त्याच्या रस्त्याचा प्रश्न.

७. कव्हर उघडा आणि दात वाचा

सुटे भाग विकत घ्यायचे असतील तर ही पायरी टाळू नका. आधी वरचं ऑइल भरायचं बूच सुटतं का ते बघा. ते गंजलेलं असेल आणि खालून ऑइल सोडून दिलंत, तर परत भरणार कुठून? ते सुटलं की मगच खालचं काम. ऑइल पातेल्यात घ्या आणि बोटांत चोळा: चंदेरी पूड म्हणजे दात किंवा बेअरिंग झिजतंय, दुधाळ रंग म्हणजे ओढ्यात उतरलेल्या गाडीत पाणी शिरलंय.

क्राऊन सावकाश फिरवत त्याच्या बाहेरच्या कडेवर बॅटरी मारा. तिथे दातांची संख्या ठोकलेली असते, "४३ ८" अशी. शेजारी पार्ट नंबर असतो आणि आणखी एक आकडा असतो तो जोडीचा. हा जोडीचा आकडा पिनियनच्या तोंडावरही असतो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, म्हणून दोघांवरचा जोडीचा आकडा एकच हवा. दोन वेगळे आकडे दिसले तर कुणीतरी दोन जुन्या एक्सलांतून एक बनवलाय, आणि तुमची गाडी ४० च्या पुढे गुणगुणते का याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

पिनियनच्या तोंडावर अधिक-उणे चिन्हासह छोटा आकडा कोरलेला असतो, "+२", "-१" किंवा शून्य. हा रेशो नव्हे, दातही नव्हेत. पिनियन किती खोल बसवायचा त्याचा इंचाच्या हजाराव्या भागातला फरक आहे तो. नवा सेट बसवताना जुन्याचा आणि नव्याचा हा आकडा ताडून पातळ पत्र्या कमीजास्त कराव्या लागतात. तुमचा मिस्त्री हा आकडा न बघता बेअरिंग ठोकायला लागला, तर त्याला नम्रपणे चहाला घेऊन जा आणि काम दुसऱ्याला द्या.

आकडे पुसलेले असतील तर दात मोजा. क्राऊनच्या एका दातावर खडू लावा आणि फिरवत मोजा. पिनियनचे मोजायला त्याचं तोंड नीट दिसत नसेल तर क्राऊनच्या दातांना पायरी ६ मधल्या रेशोने भागा: ४३ भागिले ५.३८ म्हणजे ८, झालं.

इथे सगळ्यात महागडा सापळा आहे. ४४ एक्सलमध्ये क्राऊन ज्या कॅरियरवर बसतो तो दोन मापांचा येतो. ३.७३ आणि त्याहून कमी रेशोसाठी एक, ३.९२ आणि त्याहून जास्तसाठी दुसरा. कारण रेशो वाढला की पिनियन बारीक होतो, आणि त्याला भेटायला क्राऊन त्याच्याकडे सरकावा लागतो. म्हणजे ४३/८ काढून ३९/८ किंवा ४७/११ बसवायचा तर जुनाच कॅरियर चालतो. पण हायवेला बरा म्हणून ४१/११ चा नुसता सेट आणलात तर तो जुन्या कॅरियरवर बसणार नाही.

तसेच हाफ शाफ्टच्या आतल्या टोकाच्या खाचा, स्प्लाईन, मोजा. जुन्या ४४ मध्ये १०, पुढे १९, आणि त्यानंतर ३० खाचांचे शाफ्ट आले. एक्सल ४४ च असला तरी १० चा शाफ्ट १९ च्या गिअरमध्ये जात नाही. "जीपचाच हाय की, बसतंय बघा" या वाक्यावर शाफ्ट घेऊ नका.

बेअरिंगच्या टोप्या काढणार असाल तर त्यांच्यावर आणि हाऊसिंगवर ठोकलेली अक्षरं आधी फोटोत घ्या. डावी उजवीकडे किंवा उलटी लागली तर बेअरिंग दाबलं जातं.

८. पुढचा एक्सल विसरू नका

फोर-व्हील गाडी असेल तर पायरी ६ पुढच्या चाकावरही करा, पुढच्या शाफ्टचे फेरे मोजून. मागचा ४३/८ आणि पुढचा ३९/८ असा संसार नुसत्या टू-व्हीलवर सुखाने चालतो, आणि पहिल्या चिखलात फोर-व्हील टाकली की ट्रान्सफर केस ओरडते. मागचा रेशो बदलायचा ठरवलात तर पुढच्याचाही खर्च धरूनच ठरवा.

९. दुकानात जाताना

बेळगावात मिळालं नाही तर कोल्हापूर किंवा हुबळी. फोनवर विचारताना "जुन्या जीपचा सेट" म्हणू नका. असं सांगा: "४४ एक्सल, निमुळता शाफ्ट, १० स्प्लाईन, ४३/८, मूळ कॅरियर." एवढं ऐकलं की समोरचा माणूस वेगळ्या आवाजात बोलायला लागतो. ठशाचा कागद, क्राऊनच्या कडेचा फोटो आणि शक्य असेल तर जुना पिनियन बरोबर घ्या. सील आणि बेअरिंग घेताना बेअरिंगवरचा नंबर वाचून घ्या, "जीपचं सील" म्हणून मिळणारं बरोबर निघेलच असं नाही.

खोक्यावर ४३/८ छापलेलं असलं तरी काउंटरवरच उघडा, क्राऊन-पिनियनवरचा जोडीचा आकडा एकच आहे का बघा आणि दात मोजा. मागे गिऱ्हाईक खोळंबलं तरी हरकत नाही. जुना सेट मिस्त्रीकडे सोडून येऊ नका. दात धड असतील तर तो ऑइलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून, नळीवरच्या ठशाचा कागद सोबत बांधून, घरी माळ्यावर ठेवा.